दोन मिली आणि दहा मिली : ऊसतोडीच्या हंगामातलं मेंदूच्या टीबीचं एक प्रकरण

डिसेंबर २०२३. सोमवार, तालुक्याचा बाजार. ओपीडीत रांग पार पार्किंगपर्यंत गेलेली. त्या गर्दीत एक तरुण बायकोला खांद्याला धरून ड्रेसिंग रूमकडे घेऊन आला. तिच्या डाव्या नडगीवर कोयता बसला होता आणि टाके घालायचे होते. तक्रार एवढीच.

टाके घालता घालता सिस्टरांनी सहज विचारलं, "रोजचा कोयता ना गं तुझा? मग पायावर कसा आला?"

ती म्हणाली, "दोन-दोन ऊस दिसत्यात. खरा कोनता ते कळंना."

सिस्टर टाका अर्धा ठेवून मला बोलवायला आल्या. या केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं निदान त्यांनी केलं, असं मी आजही मानते. (रुग्णाची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले किंवा गाळले आहेत.)

बाई २३ वर्षांची, माहेर-सासर दोन्ही बीड जिल्ह्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून जोडीची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. एक दिवस काम बुडालं की खाडा लागतो आणि तो दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त कापला जातो. हे सांगायचं कारण असं की तिचं डोकं २४ दिवस दुखत होतं आणि त्यातले २० दिवस तिने मोळ्या वाहिल्या होत्या. मधल्या काळात तीन सुया, एक सलाईन, पित्ताच्या गोळ्या असं सगळं झालं होतं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. आठ दिवसांपासून उलट्या. शेवटच्या चार दिवसांचं वर्णन नवऱ्याने केलं ते असं : "च्यात मीठ घातलं. पोरगं रडतंय तरी उठंना. येड्यावानी बघती नुसती."

तपासल्यावर ताप १००.४, नाडी ९२, वजन ३८ किलो. मान पूर्ण वाकत नव्हती. डावा डोळा बाहेरच्या बाजूला जात नव्हता. सहावी कपालचेता (डोळा बाहेर वळवणारी मेंदूतली नस) गेली होती, म्हणून दोन ऊस. महिना कोणता विचारलं तर म्हणाली, दिवाळीचा. शुद्ध मोजणारा ग्लासगो स्कोअर १५ पैकी १४. हातापायांत ताकद सारखी. डोळ्याच्या पडद्यावर चेतातंतूच्या कडा स्पष्ट होत्या, डोक्यातला दाब वाढला की त्या सुजून पुसट होतात. ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या वर्गवारीत ही दुसरी पायरी : शुद्ध थोडी हरपलेली किंवा एखादी चेता गेलेली. पहिल्या पायरीत निव्वळ डोकेदुखी नि ताप असतो, आणि त्या पायरीवर आमच्याकडे जवळजवळ कुणीच पोचत नाही. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे स्कोअर १० किंवा खाली गेल्यावर, बहुतेक पोचतात.

टीबीचा मेंदूज्वर हा पेशंटला गाठायला वेळ घेतो आणि डॉक्टरला गाठू देत नाही. जंतू आधी फुप्फुसातून रक्तात उतरतात, मेंदूच्या आवरणाखाली एक बारीकशी गाठ करून बसतात आणि कधीतरी ती गाठ मेंदूभोवतीच्या पाण्यात फुटते. १९३३ मध्ये रिच आणि मॅकॉर्डॉक यांनी शवविच्छेदनांतून हे दाखवलं. पुढचं सगळं नुकसान शरीरानेच केलेलं असतं : मेंदूच्या तळाशी चिकट स्राव साचतो, त्यात चेता अडकतात, रक्तवाहिन्या आवळतात, पाण्याच्या वाटा बुजतात. हिची सहावी चेता त्या चिकट्यात सापडली होती.

पहिलं पाणी

तपासणीसाठी पाठीतलं पाणी काढायचं म्हटल्यावर नवरा दारातच थांबला. "मॅडम, पाठीतलं पानी काढलं का मानूस लुळं पडतं म्हनत्यात."

ही समजूत प्रत्येक गावात आहे आणि ती निराधार आहे असं सांगून भागत नाही. मेंदूज्वर झालेली माणसं खरोखरच लुळी पडतात, आणि पाणी काढलेलं असतं ते त्यांचंच. लोकांनी दोन गोष्टी जोडल्या, त्यात चूक एवढीच की कारण आणि परिणाम उलटे लागले. मी त्याला हिशेब सांगितला : डोक्यात नि पाठीत मिळून साधारण १५० मिली पाणी असतं, शरीर रोज ५०० मिली नवं बनवतं, म्हणजे मी काढीन तेवढं अर्ध्या-पाऊण तासात भरून निघेल. विहिरीतून कळशी काढल्यासारखं. तो म्हणाला, काढा.

सीटी स्कॅन जवळात जवळ ६० किलोमीटरवर. पडद्यावर सूज नाही, एका बाजूची ताकद गेलेली नाही, फिट आलेली नाही, तेव्हा स्कॅनवाचून सुई घालण्यातला धोका मी पत्करला. आणि मग चूक केली. ती अंग आखडत होती, पाणी एकेक थेंब पडत होतं, दारात पाच-सहा माणसं जमली होती. दोन मिली झाल्यावर मी सुई काढून घेतली.

पाणी दिसायला स्वच्छ. त्यात पेशी २४०, पैकी ७० टक्के लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार). प्रोटीन २१०. साखर २८, आणि त्याच वेळी बोटातून घेतलेली रक्तातली साखर ११२. हे शेवटचं मुद्दाम लिहिते. रक्ताच्या आकड्याशिवाय पाण्यातल्या साखरेला काही अर्थ नसतो, आणि सलाईन लावल्यानंतर घेतलेली रक्तशर्करा फसवते. सुई हातात घेण्याआधी ग्लुकोमीटर लावायचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ९,८००, हिमोग्लोबिन ८.२, मलेरिया नाही, एचआयव्ही नाही, गर्भ नाही. इंडिया इंक लावून बुरशी पाहिली, ती नव्हती. छातीचा एक्स-रे साफ. तो साफ असला म्हणून टीबी नाही असं ठरत नाही. अशा बऱ्याच रुग्णांची छाती साफच असते.

व्हिएतनाममध्ये काम करणाऱ्या थ्वेट्स यांच्या गटाने २००२ मध्ये पाच गोष्टींवरून एक गुणांकन बसवलं होतं : वय, आजाराचे दिवस, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, पाण्यातल्या पेशी आणि त्यातलं न्यूट्रोफिलचं (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) प्रमाण. यातलं काहीही मोजायला मोठी लॅब लागत नाही. बेरीज ४ किंवा कमी आली तर टीबीकडे झुकायचं, जास्त आली तर साध्या जंतूंच्या मेंदूज्वराकडे. हिची बेरीज आली उणे ५. हे गुणांकन एचआयव्ही असलेल्यांत डळमळतं, कारण क्रिप्टोकॉकस बुरशीचं चित्रही असंच दिसतं. इथे ती अडचण नव्हती.

उरलेलं एक मिली पाणी सीबीनॅटसाठी, म्हणजे टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणाऱ्या मशीनवरच्या तपासणीसाठी, जिल्ह्याला गेलं. रिपोर्ट यायला दोन दिवस.

मी त्याच संध्याकाळी टीबीची औषधं सुरू केली. पुरावा हातात नव्हता. या आजारात पुराव्याची वाट बघणं हा स्वतंत्र निर्णय असतो आणि त्याची किंमत पेशंट भरतो. उपचार मिळूनसुद्धा चारांतला साधारण एक प्रौढ दगावतो, आणि कोण वाचणार हे औषधाच्या पहिल्या गोळीच्या वेळी तो किती शुद्धीवर होता यावर सगळ्यात जास्त ठरतं. त्याउलट चार दिवस चुकून टीबीच्या गोळ्या खाल्ल्या तर? फारसं काही नाही. साध्या जंतूंची शक्यता पुसली जाईपर्यंत सेफ्ट्रायाक्झोन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम बारा तासांनी चालूच होतं.

३८ किलोला चार औषधांच्या एकत्रित गोळ्या रोज तीन, जोडीला पायरिडॉक्सिन (बी-६ जीवनसत्त्व). सूज उतरवणारं स्टिरॉइड डेक्सामेथासोन दिवसाला किलोमागे ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण १५. आम्ही ४ मिलिग्रॅमचं इंजेक्शन सहा तासांनी दिलं. २००४ च्या व्हिएतनाममधल्या अभ्यासात ५४५ रुग्णांपैकी डेक्सामेथासोन मिळालेल्यांत मृत्यू ४१ टक्क्यांवरून ३२ वर आले होते. काही रुपयांच्या व्हायलने एवढा फरक पडतो, आणि तरी ती टीबीच्या गोळ्यांच्या पाकिटात येत नाही. वेगळी लिहावी लागते, वेगळी मिळवावी लागते, म्हणून राहून जाते. एचआयव्ही असलेल्यांत मात्र तसा फायदा दिसलेला नाही.

"रिपोर्ट नील आलाय ना?"

बुधवारी सीबीनॅट निगेटिव्ह आला. नवऱ्याचा चुलतभाऊ, जरा शिकलेला, रिपोर्टचा फोटो घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "मॅडम, रिपोर्ट नील आलाय ना? मग टीबीच्या गोळ्या कशाला?" वॉर्डातल्या एका तरुण सहकाऱ्याच्या चेहऱ्यावरही तोच प्रश्न होता, तो बोलला नाही एवढंच.

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की बेडक्यात जंतूंचा सुकाळ असतो, मेंदूच्या पाण्यात दुष्काळ. एका मिलीत मोजके जंतू, कधी एकही नाही. मायक्रोस्कोपखाली तर बहुतेक लॅबमध्ये शंभरांत दहा-पंधराच सापडतात. सीबीनॅट त्याहून खूप बरं, पण पॉझिटिव्ह आला तर टीबी आहे एवढंच ते सांगतं. निगेटिव्ह आला तर काहीच सांगत नाही. आणि मी त्याला पाठवलं होतं किती, तर एक मिली. तळ्यातून ओंजळभर पाणी घ्यायचं आणि म्हणायचं, तळ्यात मासा नाही.

चौथ्या दिवशी पुन्हा सुई घातली. यावेळी दारातली माणसं चहाला पाठवली, तिच्या आईला उशाशी बसवलं (ती आदल्या रात्री एसटीने गावाहून आली होती), आणि आधी दाब मोजला. दाबमापक नळी आमच्याकडे नाही. सलाईनच्या निर्जंतुक नळीचा तुकडा सुईला जोडून उभा धरला, सिस्टरांनी शेजारी शिंप्याची टेप धरली. २७ सेंटिमीटर, २० ते २५ च्या वर वाढलेलाच धरतात. मग घड्याळ न बघता दहा मिली जमवलं. तीन नळ्या. दोन नळ्यांतलं पाणी आमच्या लॅबवाल्या ताईंनी सेंट्रिफ्यूजमध्ये वीस मिनिटं फिरवलं, वरचं ओतून दिलं आणि तळाचा गाळ पाठवला.

तिसरी नळी त्यांनी तशीच उभी ठेवली होती. सकाळी त्या मला हाताला धरून खिडकीपाशी घेऊन गेल्या. उजेडाकडे धरल्यावर नळीच्या मध्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखा एक पापुद्रा लोंबत होता, नळी हलवली की तोही हलायचा. टीबीच्या मेंदूज्वराची खूण म्हणून पुस्तकात वाचलेला. वीस वर्षांत मी तो चारदा पाहिला असेल, कारण इतकं पाणी मी क्वचित काढते.

गाळाचा सीबीनॅट : टीबीचे जंतू सापडले, प्रमाण कमी, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारे. सेफ्ट्रायाक्झोन बंद केलं. निक्षयवर (सरकारचं टीबी नोंदणीचं पोर्टल) नोंद पहिल्याच दिवशी झाली होती, तिथे आता पुरावाही चढला.

मीठ

सहाव्या दिवशी ती पुन्हा गुंगीत गेली. स्कोअर १२. वॉर्डात सगळ्यांच्या तोंडी एकच, डोक्यात पाणी वाढलं, मॅनिटॉल (लघवीवाटे पाणी काढून डोक्यातला दाब उतरवणारं औषध) लावा. मलाही तेच वाटलं होतं. पण जीभ कोरडी, नाडी १२०, रक्तदाब ९० वर, आणि आईने सांगितलं की रात्रभर लघवीचं भांडं भरतंय. मोजली तर चोवीस तासांत चार लिटर.

सोडियम तपासायचं मशीन आमच्याकडे नाही. वॉर्डबॉय रक्ताची बाटली खिशात घालून मोटारसायकलवर खासगी लॅबला गेला. सोडियम ११८.

मेंदूच्या टीबीत मीठ दोन वाटांनी उतरतं. एकीत शरीर पाणी साठवतं, दुसरीत मूत्रपिंडं मीठ नि पाणी दोन्ही फेकून देतात. पुस्तकात दोन्हींवरचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध आहेत : पहिलीत पाणी कमी करा, दुसरीत भरा. कोरडी जीभ आणि चार लिटर लघवी बघितल्यावर शंका उरली नाही. मुळात या आजारात पाणी तोडणं धोक्याचंच, रक्त घट्ट झालं की आवळलेल्या वाहिन्या बंद पडतात. त्या दिवशी मॅनिटॉल दिलं असतं तर आणखी लघवी झाली असती. ३ टक्के सलाईन थोडं, मग नॉर्मल सलाईन लघवीच्या हिशेबाने, आणि राईल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेली नळी) साधं मीठ, स्वयंपाकघरातल्या पुड्या. चोवीस तासांत सोडियम ८ अंकांपेक्षा जास्त चढू द्यायचं नाही, म्हणून मोटारसायकलच्या बाराएक फेऱ्या. चौथ्या दिवशी १३१ आणि ती आईला नावाने हाक मारायला लागली.

ट्यूबबद्दल एक. गुंगीतल्या पेशंटला टीबीची औषधं शिरेतून देण्याची सोय आमच्याकडे नाही. गोळ्या खलात बारीक करून पाण्यात कालवून, पोट रिकामं असताना ट्यूबमधून द्यायच्या. ट्यूबच्या तोंडाशी लाल कीट बसतं. ते पाण्याने ढकललं नाही तर रिफाम्पिसिन नळीतच राहतं. ते औषध मेंदूत आधीच कमी शिरतं.

बाराव्या दिवशी मात्र खरंच पाणी वाढलं. पुन्हा उलट्या, स्कोअर १०, पडद्याच्या कडा पुसट. सोडियम ठीक. यावेळी मॅनिटॉल दिलं, १०८ बोलावली. मेडिकल कॉलेजात सीटी झाला : मेंदूच्या तळाशी स्राव, पोकळ्या फुगलेल्या, आणि डाव्या बाजूला आत एक छोटा इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने मेलेला भाग). तो स्टिरॉइड नि गोळ्या चालू असतानाच झालेला. शंट (डोक्यातलं साचलेलं पाणी पोटात सोडणारी नळी) बसला, जन आरोग्य योजनेतून, रेशनकार्ड गावी असल्याने त्यात दीड दिवस गेला. तिसऱ्या दिवशी ती बोलली. उजवा हात उचलेना.

कोपी

दरम्यान आमचे टीबी सुपरवायझर आणि आशाताई कारखान्यामागच्या तळावर गेले. टोळीच्या अकरा कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या. तिच्या कोपीत पाच माणसं : ती, नवरा, दोन वर्षांचा मुलगा, सासू, दीर. घरात कुणाला टीबी होता का, हे मी दोनदा विचारलं होतं आणि दोनदा नाही ऐकलं होतं. आशाताईंनी सासूला विचारलं, "सहा महिन्यांचा कोर्स कुणी केलाय का?" सासू म्हणाली, मीच की, दोन वर्सांमागं. शब्द बदलला आणि उत्तर बदललं.

दिराला दोन महिने खोकला. बिडीचा म्हणून सोडून दिलेला. बेडका पॉझिटिव्ह. तिचा आजार त्याच्याकडूनच आला असं म्हणता येत नाही, जंतू तिच्या अंगात आधीपासून दबून असू शकतात. पण एका कोपीत, पाचटाच्या भिंतींआड, थंडीत एका गोधडीत झोपणाऱ्या दोन वर्षांच्या मुलासाठी तो प्रश्न गौण होता. मुलाच्या दंडावर बीसीजीचा व्रण होता. ती लस मोठ्यांच्या फुप्फुसाला फारशी वाचवत नाही, लहान मुलांच्या मेंदूला मात्र बऱ्यापैकी वाचवते. त्याला आजार नाही याची खात्री करून, पुढे होऊ नये म्हणून टीबीचं आयसोनियाझिड हे औषध सहा महिने, किलोमागे १० मिलिग्रॅम.

एकशे चाळीस गोळ्या

जानेवारीत कॉलेजातून सुट्टी झाली. ती आईबरोबर गावी गेली, नवरा फडावर राहिला. उचल शिल्लक होती.

तोवर डेक्सामेथासोनचे चार आठवडे झाले होते. पुढचे चार आठवडे तोंडाने, ४, ३, २, १ मिलिग्रॅम असं उतरत जायचं. गावाकडच्या मेडिकलमध्ये मिळते ती अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी. म्हणजे पहिल्या आठवड्यात रोज आठ, मग सहा, चार, दोन. एकूण १४०. "हळूहळू कमी करा" असं कागदावर लिहून दिलं की लोक दोनच गोष्टी करतात : एकदम बंद, नाहीतर महिनोन्‌महिने चालू, कारण त्या गोळीने भूक लागते नि बरं वाटतं. म्हणून सिस्टरांनी जुन्या केसपेपरच्या २८ पुड्या केल्या, प्रत्येकीवर तारीख घातली. आईला वाचता येत नव्हतं, तिने पुड्या एका दोऱ्यात ओवून घेतल्या आणि रोज एक तोडली. ती पद्धत आम्ही आता सगळ्यांना देतो.

मेंदूच्या टीबीला एकूण १२ महिने. निक्षयवर केस बीडला वर्ग केली, तिथल्या सुपरवायझरशी फोनवर बोलले, कारण वर्ग केलेली केस आणि गोळी मिळालेला पेशंट यात कधी कधी पंधरा दिवसांचं अंतर पडतं. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये टीबीच्या गोळ्यांचा देशभर तुटवडा झाला. तिची तीन औषधांची गोळी तेव्हा आठवड्याआठवड्याने मिळायची, एकदा पाच दिवस खंड पडला. आईने मला फोन केला तो रडत नव्हे, चिडून : "दोऱ्यातली पुडी संपली तरी तुमची गोळी येईना." पोषण योजनेचे महिना ५०० रुपये तिच्या खात्यावर जुलैत एकदम जमा झाले.

ऑगस्टमध्ये ती चालत होती. दोन-दोन दिसणं केव्हाच थांबलं होतं. रंग ओळखता येतात ना, हे आशाताई दर महिन्याला लाल-हिरव्या बांगड्या दाखवून तपासायच्या. त्या गोळीतल्या इथॅम्ब्युटॉल या औषधाने नजर जाऊ शकते. उजव्या हाताची मूठ मात्र पुरी वळत नव्हती.

डिसेंबर २०२४ मध्ये तिचा नवरा पुन्हा ओपीडीत आला. याही वर्षी याच कारखान्यावर. शेवटची गोळी आठ दिवसांपूर्वी झाली होती, ते सांगायला. मोबाईलवर व्हिडिओ दाखवला : ती चुलीपुढे बसलेली, डाव्या हाताने भाकरी थापत होती, भाकरी एका बाजूला जाड. पोरगं मधेच काठवटीत हात घालतं, ती त्याला उजव्या कोपराने ढकलते.

मी विचारलं, औंदा कोण आलंय बरोबर.

"एकलाच हाय मॅडम. मुकादमानं अर्ध्या कोयत्याची उचल दिली."